बंब आणि रुग्णवाहिका गावात येते कशी?

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, शेताच्या बांधावर मोबाइल ठेवून खुरपता खुरपता ऐकणाऱ्या आणि बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्या सगळ्या सख्यांना माझा नमस्कार.

आज बचत, कर्ज आणि व्याज यांना सुट्टी. घरात, शेतात किंवा रस्त्यावर जिवावरचा प्रसंग आला, तर मदत कुठून येते, कशी येते, आणि ती लवकर पोचावी म्हणून आपल्या हातात काय असतं, ते आज पाहू.

गटांच्या बैठकींना जाते तेव्हा मी एक प्रश्न हमखास विचारते. "आत्ता या क्षणी कुणाला साप चावला तर नंबर कोणता लावाल?" बऱ्याच जणी म्हणतात, "एकशे आठ." छान. मग विचारते, "आणि गंजीला आग लागली तर?" तिथं मात्र सगळ्या एकमेकींकडं बघतात. कुणी म्हणते सरपंचांना, कुणी म्हणते पोलीस पाटलांना. तिसरा प्रश्न याहून अवघड. "फोन लागला, पलीकडून पत्ता विचारला, तर तुमच्या वस्तीचा पत्ता काय सांगाल?" इथं बैठकीत हसू फुटतं. कारण आपला पत्ता असतो, "देवळाच्या मागं, पाटलाच्या मळ्यात, कुणालाही विचारा!" पण रात्री दोन वाजता विचारायला रस्त्यावर असतं कोण?

एकशे आठची गाडी

आपल्या देशात १०८ नंबरची सेवा पहिल्यांदा आंध्र प्रदेशात २००५ साली सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ साली आली. सुरुवातीला राज्यभरात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ मोठ्या, म्हणजे श्वास देणारं यंत्र आणि हृदयाला झटका देणारं यंत्र असलेल्या. उरलेल्या ७०४ साध्या, पण त्यांतही ऑक्सिजन, स्ट्रेचर, औषधं आणि प्रथमोपचाराचं सामान होतं. आपल्या राज्यातली मोठी गोष्ट म्हणजे या गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असतो. म्हणून ती गाडी म्हणजे रुग्णाला वाहून नेणारी नुसती जीप नाही. उपचार तुमच्या दारात सुरू होतात.

फोन लावल्यावर काय होतं? पुष्कळ जणींना वाटतं, फोन तालुक्याच्या दवाखान्यात वाजतो. तसं नाही. या सेवेची रचनाच अशी झाली, की राज्यभरातले फोन पुण्यात औंधला असलेल्या एका केंद्रात जातात. फोन उचलणाऱ्या माणसाला तुमचं गाव माहीत नसतं, तुमचे सरपंचही माहीत नसतात. तो तुम्हाला जिल्हा विचारतो, तालुका विचारतो, गाव विचारतो. आपण घाबरलेल्या असतो, आपल्याला राग येतो, "इथं माणूस मरायला लागलाय आणि हा जिल्हा काय विचारत बसलाय?" पण जरा विचार करा. वडगाव नावाची गावं महाराष्ट्रात किती? पिंपळगाव किती? जिल्हा आणि तालुका कळल्याशिवाय गाडी कुठल्या वडगावला पाठवायची?

त्यानंतर तो विचारतो काय झालं, कुणाला झालं, वय किती, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का. यावरून साधी गाडी पाठवायची की मोठी, ते ठरतं. गाड्यांना जीपीएस असतं, म्हणजे कुठली गाडी कुठं उभी आहे ते केंद्रात दिसतं. जवळची मोकळी गाडी निघते. केंद्रातही डॉक्टर असतात आणि गाडी पोचेपर्यंत काय करायचं ते फोनवर सांगतात. म्हणून नुसतं "लवकर या" म्हणून फोन ठेवायचा नाही. "ठेवा" म्हणेपर्यंत ठेवायचा नाही. नंतरही तोच फोन मोकळा ठेवायचा, कारण चालक रस्ता विचारायला त्याच नंबरवर फोन करतो. पाहुण्यारावळ्यांना कळवायचं असेल तर दुसऱ्याच्या फोनवरून कळवा.

शहरात साधारण २० मिनिटांत आणि गावात ३० मिनिटांत गाडी पोचावी, असं उद्दिष्ट धरलेलं आहे. पण घाट असतो, ओढ्याला पाणी असतं, जवळची गाडी दुसरा रुग्ण घेऊन गेलेली असते. अशा वेळी सरळ विचारा, "गाडी कुठून निघालीय, किती वेळ लागेल?" वेळ फार लागणार असेल, तर गावातली जीप काढून निम्म्या वाटेवर गाडीला भेटता येतं. मात्र हे केंद्राशी आणि गाडीच्या चालकाशी बोलूनच करायचं. नाहीतर गाडी एका रस्त्यानं येते आणि जीप दुसऱ्या रस्त्यानं जाते.

या गाडीला पैसे पडत नाहीत. फोनही फुकट आहे. गाडी रुग्णाला जवळच्या, पण त्या आजारावर उपचार होऊ शकेल अशा सरकारी रुग्णालयात नेते.

एकशे दोन वेगळा, एकशे बारा वेगळा

१०२ ही गाडी गरोदर आणि बाळंत बाईसाठी, तसंच एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळासाठी. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात घरून रुग्णालयात नेणं, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयात नेणं आणि बाळंतिणीला घरी परत सोडणं, हे सगळं मोफत धरलेलं आहे. परत सोडण्याचा हक्क कितीतरी जणींना माहीतच नसतो. ओली बाळंतीण एसटीच्या गर्दीत किंवा दुचाकीवर मागं बसून घरी येते. असं होऊ देऊ नका. आशाताईंना विचारा, रुग्णालयात मागणी करा. कळा सुरू झाल्या आणि १०२ मिळाली नाही, तर १०८ लावायला हरकत नाही. अंगावरून रक्त जाऊ लागलं किंवा झटके आले, तर पहिल्यापासूनच १०८.

११२ हा सगळ्या संकटांसाठीचा एकच नंबर. महाराष्ट्रात तो २०२१ साली सुरू झाला. त्याचं मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरं नागपुरात आहे. मुख्यतः पोलीस मदतीसाठी तो वापरला जातो, पण आग आणि रुग्णवाहिका यांच्यासाठीही तिथून मदत जोडून देतात. बाकी काही आठवलं नाही तर एवढा एकच ध्यानात ठेवा. आणखी एक. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनला कुलूप असतं, आकडे माहीत नसतात. तरी पडद्यावर खाली 'इमर्जन्सी' असं लिहिलेलं असतं. ते दाबून ११२ लावता येतो. सासूबाईंना, शाळेत जाणाऱ्या लेकीला हे एकदा दाखवून ठेवा.

आगीचा बंब गावात का नसतो?

शहरातल्या लोकांना आग लागली की १०१ फिरवायची सवय असते. आपल्याकडं बंब असतो कुठं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर कायद्यात आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांची कामं दिली आहेत, त्यात अग्निशमन सेवा आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींची कामं दिली आहेत, त्यात ती नाही. म्हणून महानगरपालिका आणि नगरपरिषदा यांची अग्निशमन दलं असतात, औद्योगिक वसाहतींची असतात, कुठं कुठं साखर कारखान्याचा बंब असतो. ग्रामपंचायतीकडं मात्र सहसा काहीच नसतं. शेजारच्या गोव्यात अग्निशमन आणि आपत्कालीन सेवा हे राज्य सरकारचं एकच खातं आहे. आपल्याकडं गावात आग लागली की जवळच्या शहराचा, वसाहतीचा नाहीतर कारखान्याचा बंब मागवावा लागतो.

त्यामुळं आपल्या गावासाठी पहिलं काम हे, की जवळचा बंब नेमका कुणाकडं आहे ते शोधून काढायचं. मोबाइलवरून १०१ लावला की तो आपल्या जवळच्याच दलाला लागेल, असं धरून चालू नका. नगरपरिषदेत किंवा कारखान्यात जाऊन तिथल्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर आणा, तो लावून बघा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्या.

आता बंबाचं गणित ऐका, म्हणजे पुढची तयारी आपोआप सुचेल. मोठ्या बंबात साधारण चार-पाच हजार लिटर पाणी असतं. ऐकायला खूप वाटतं. पण बंबाचा पंप मिनिटाला शेकडो लिटर पाणी फेकतो. म्हणजे जोरात मारा केला तर टाकी काही मिनिटांत रिकामी. शहरात दुसरा बंब मागोमाग येतो. गावात तोच बंब पाणी भरायला परत जाणार असेल, तर तेवढ्यात आग पुन्हा भडकते. म्हणून बंब आल्यावर जवान पहिल्यांदा विचारतात, "पाणी कुठं भरायला मिळेल?" विहीर, शेततळं, पाणीपुरवठ्याची टाकी, यांतलं बंबाला अगदी जवळ जाता येईल असं ठिकाण कुठलं, हे आधीच ठरलेलं हवं. पंप लावायचा तर वीज लागेल आणि आगीच्या वेळी वीज बंद केलेली असेल, म्हणून डिझेलचं इंजिन कुणाकडं आहे तेही माहीत हवं.

दुसरा प्रश्न रस्त्याचा. बंब म्हणजे पाण्यानं भरलेला ट्रकच. गावातल्या बोळात ट्रॅक्टर-ट्रॉली आडवी उभी असेल, लग्नाचा मांडव रस्त्यावर घातलेला असेल, तर बंब वेशीवरच थांबतो. मांडव घालताना एका बाजूनं ट्रक जाईल एवढी वाट सोडा, हे ग्रामसभेत आपण बायांनीच मांडायला हवं.

तिसरी गोष्ट विजेची. गोठ्यात किंवा घरात वीज चालू असताना पाणी मारलं, तर पाणी मारणाऱ्यालाच धक्का बसतो. म्हणून फोन करताना महावितरणच्या वायरमनलाही कळवायचं. १९१२ हा त्यांचा नंबर आहे.

बंब येईपर्यंत

आधी माणूस, मग जनावर, मग वस्तू. हा क्रम सोडायचा नाही. दागिन्यासाठी, कागदासाठी कुणीही परत आत जायचं नाही. धुरात माणूस आगीच्या आधी गुदमरतो. धूर वर जातो, म्हणून जमिनीलगत वाकून किंवा रांगत बाहेर पडायचं.

गोठ्यात आग लागली की जनावर बिथरतं आणि दाव्याला हिसडे देतं. ताणलेली गाठ सुटत नाही. म्हणून गोठ्याच्या दाराशी एक धारेचा विळा कायमचा टांगून ठेवा आणि सरळ दावं कापा. कडब्याच्या गंजीला आग लागली, तर पेटलेली गंजी विझवण्यात सगळं बळ घालवण्यापेक्षा शेजारच्या न पेटलेल्या गंजीकडं आधी बघा. वाऱ्याच्या दिशेला असलेला कडबा, गोवऱ्या, सरपण हलवा. दोन गंज्यांमध्ये आणि गंजी व घर यांमध्ये अंतर असेल, तर एकीची आग दुसरीला लागत नाही.

कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, भडका उडतो. गॅस बंद करायचा आणि वर ताट झाकायचं. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही. ठिणगी दोन्हींनी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ ला फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून ओट्याखाली चूल पेटती असेल तर धोका जास्त.

पदर पेटला तर पळायचं नाही. पळालं की वारा लागतो. जमिनीवर लोळायचं किंवा दुसरीनं जाड सुती गोधडी नाहीतर घोंगडी घट्ट गुंडाळायची. मग भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी. बर्फ नको, हळद नको, तेल नको, टूथपेस्ट नको. कातडीला चिकटलेलं कापड ओढायचं नाही. बांगड्या, पाटल्या, अंगठी, जोडवी सुजेच्या आधी काढायची. स्वच्छ सुती कापड अलगद झाकायचं आणि १०८ लावायचा.

साप चावला तर जागा कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही. माणसाला चालू द्यायचं नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून हलू न देता न्यायचं. मण्याराच्या दंशाची खूण रात्री झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला असं झालं, तर पोटदुखीचं औषध देत बसू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांच्या विषावर एकच लस चालते, म्हणून साप मारून दाखवायला न्यायची गरज नाही. देवळात नेण्यात गेलेला तास परत मिळत नाही. दवाखान्यातून सुखरूप आल्यावर नवस फेडायला कुणाची ना नाही.

रस्त्यावर अपघात दिसला तर पुष्कळ लोक पोलिसांच्या भीतीनं पुढं होत नाहीत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली १३४-अ हे कलम आलं. चांगल्या हेतूनं मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला होत नाही, त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. तेव्हा निदान फोन तरी करा आणि वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा.

गटानं काय करायचं?

गेल्या वर्षी आमच्या प्रभागात एका बैठकीत आम्ही खोटा फोन करून बघितला. खरा लावला नाही, कारण विनाकारण फोन केला तर खऱ्या रुग्णाची लाइन अडते. एक बाई केंद्रातली झाली, दुसरी फोन करणारी.

"बोला, काय झालं?"

"माझ्या सासऱ्यांच्या छातीत दुखतंय, घाम आलाय."

"पत्ता सांगा."

"आमच्याच घरी हो!"

सगळ्या पोट धरून हसल्या. मग तीन-चार वेळा सराव केल्यावर तीच बाई सांगू लागली: जिल्हा अमुक, तालुका अमुक, गाव अमुक. डांबरी रस्त्यानं बसथांब्यापासून डावीकडं, दुसरी वस्ती, निळी पाण्याची टाकी. फाट्यावर माणूस बॅटरी घेऊन उभा आहे. माझा फोन नंबर हा. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं. पुढं पावसाळ्यात तिच्या जावेला रात्री कळा सुरू झाल्या, तेव्हा फोन तिनंच लावला. चालकाला एकदाही रस्ता विचारावा लागला नाही. आता प्रत्येक नव्या गटात आम्ही हा सराव घेतो.

तुम्हीही पुढच्या बैठकीत एवढं करा. प्रत्येक सदस्येनं आपल्या घराचा पत्ता चार ओळींत लिहायचा आणि १०८, १०२, ११२, जवळच्या बंबाचा नंबर यांसकट दाराच्या आत चिकटवायचा. घरात कुणालाही वाचून दाखवता आला पाहिजे. प्रत्येक वस्तीसाठी फाट्यावर उभं राहणारी दोन माणसं ठरवायची. पाणी भरायची जागा, डिझेल इंजिन, रात्री जीप काढणारा चालक, यांची यादी ग्रामसंघाच्या वहीत लिहायची. अडीअडचणीसाठी थोडी रक्कम रोख, ज्या सदस्येचं घर रात्री गाठता येईल तिच्याकडं ठेवायची. गाडी मोफत असली तरी रुग्णालयात सोबतच्या माणसाला चहा-भाकरीला पैसे लागतात. काही जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आहे. एका फोनवरून सगळ्या गावाला निरोप जातो. तुमच्या ग्रामपंचायतीनं ती घेतली आहे का, आणि त्यात बायांचे फोन नोंदले आहेत का, तेही विचारा.

आग विझल्यावर घाईनं सगळं झाडून टाकू नका. फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, बंब आला असेल तर त्या दलाकडून आगीचा दाखला मागा. सिलिंडरचा अपघात असेल तर गॅस एजन्सीला लगेच लेखी कळवा, कारण गॅस कंपन्यांचा विमा असतो. कागद नसला तर भरपाई अडकते.

जाता जाता एक. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही. आग विझवताना स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपल्याकडं ते दिवस कडबा गोठ्याशी येण्याचे, म्हणजे आगीला सगळ्यात सोपे दिवस. त्या आठवड्यात नगरपरिषदेच्या किंवा कारखान्याच्या दलाला पत्र देऊन प्रात्यक्षिक मागवा. दलं असे कार्यक्रम करतात. आणि मुलींना आवर्जून पुढं बसवा. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली पहिली बाई, हर्षिनी कान्हेकर, नागपूरचीच. मुंबईच्या अग्निशमन दलात आज महिला जवान आहेत. बंबावर बसायला आपल्याही गावातली एखादी पोर जाईल.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की वही मिटू नका. पानाच्या मागं पत्ता लिहून घ्या आणि एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवा. तुमच्या गावाला सर्वात जवळचा बंब कुणाकडं निघाला, ते आम्हाला केंद्रावर कळवा. पुढच्या भागात आपण ती यादी सगळ्यांना वाचून दाखवू. काळजी घ्या. नमस्कार.